वाचक विचारतात : जेवून झाल्यावर कोण उठतं?

मागच्या अंकात 'द ग्रेट इंडियन किचन' या मल्याळम सिनेमाची जाता जाता शिफारस केली होती. जेमतेम चार ओळी. त्यावर इतकी पत्रं येतील असं संपादकांनाही वाटलं नव्हतं. गंमत म्हणजे पत्रांत सिनेमा थोडा आणि स्वतःचं घरच जास्त. काहींनी पानंच्या पानं लिहिलीत, काहींनी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन शब्दांत माझा उद्धार केलाय. त्यातली थोडी इथे घेते. नावं छापत नाही. सासरची मंडळीही हे मासिक वाचतात.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मी आणि सासूबाईंनी हा सिनेमा एकत्र बघितला. अर्ध्यावर त्या म्हणाल्या, "यात एवढं दाखवण्यासारखं काय आहे? आम्ही नाही का केलं?" मागून नवरा म्हणाला, "तो माणूस दारू पीत नाही, हात उचलत नाही. मग हिला दुखतंय कुठे?" मला काही बोलता आलं नाही. सिनेमात खरंच अति केलंय का? (एक सून, दादर)

उत्तर : ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. जिओ बेबी यांचा हा सिनेमा १५ जानेवारी २०२१ ला आला, नेमका किंक्रांतीच्या दिवशी. थिएटरात नाही, 'नीस्ट्रीम' नावाच्या केरळातल्या छोट्या ओटीटीवर. पुढे केरळ सरकारचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार त्यालाच मिळाला. नाचाची आवड असलेली एक मुलगी (निमिषा सजयन) दाखवून-बघून एका जुन्या, खानदानी घरात लग्न होऊन येते. नवरा (सुरज वेंजारमूड) शाळेत समाजशास्त्र शिकवतो. दोघांनाही सिनेमाभर नाव नाही. सुरुवातीला सासू सोबत असते, मग ती बाळंतपणासाठी लेकीकडे परदेशी जाते आणि सगळं स्वयंपाकघर या एकटीच्या अंगावर पडतं. सासरा कधी आवाज चढवत नाही. ब्रश हातात आणून द्यावा लागतो. चटणी मिक्सरमधली चालत नाही, भात चुलीवरचाच हवा, आणि कपडे मशीनमध्ये टाकले तर विरतात हो, बाळा. सगळं असं हसून, गोडीगुलाबीनं.

तुमच्या यजमानांना सांगा, दुखतंय ते इथेच. हात न उचलणं ही झाली पात्रता. तेवढ्यावर गुण कुठले मागताय? सिनेमाने मुद्दामच नवऱ्याला दारुडा केला नाही. केला असता तर आपण सगळ्यांनी सुस्कारा सोडला असता, की हे आपल्या घरातलं नव्हे.

आता एक करा. सबटायटल्स बंद करून हा सिनेमा पुन्हा लावा आणि एवढंच बघा की जेवण सुरू झाल्यावर कोण बसून राहतं आणि कोण उठतं. बाकीच्या सिनेमांत पानं वाढून झाली की कॅमेरा पुरुषांबरोबर ओसरीवर जातो. इथे तो टेबलापाशीच थांबतो. चावून टाकलेल्या शेवग्याच्या शेंगा टेबलावरच पडलेल्या, ताटाच्या कडेने ओघळ. घरच्या दोन्ही बायकांनी जेवायचं ते त्याच खरकट्या टेबलावर. पार्श्वसंगीत जवळजवळ नाहीच. विळी, फोडणी, घासणी, मोरीत पडणारं पाणी, एवढेच आवाज. पहिल्या वीस मिनिटांत हे सगळं इतकं रुचकर दिसतं की आपल्याला भूक लागते. तेच प्रसंग, तोच ओटा, तीच कढई पुन्हा पुन्हा येत राहते आणि तासाभराने मळमळायला लागतं. संकलकाची करामत आहे ही.

माझं लहानपण गिरगावातल्या चाळीत गेलं. आमच्याकडे शेवग्याच्या शेंगा नव्हत्या, कढीपत्ता होता. वडील आमटीतला कढीपत्ता बोटाने काढून ताटाबाहेर, फरशीवर ठेवत. ताटात घाण नको म्हणून. पानांची एक हिरवी ओळ ताटाभोवती तयार व्हायची, तिच्यात मध्येच एखादी मिरची, कोकमाचं साल. वडील उठले की आई ओलं फडकं घेऊन यायची, ती ओळ ताटात ओढायची, फरशी पुसायची आणि मग उरलेल्या आमटीत पाणी वाढवून स्वतः बसायची. वडील तापट नव्हते. आईला ते 'अहो-जाहो' करत. उष्टी काढणं हे त्यांचं काम असू शकतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. आम्ही मुलींनीही नाही.

सिनेमात हॉटेलातला एक प्रसंग आहे. तिथे नवरा उष्टं व्यवस्थित बाजूला ठेवतो. ती सहज हसून म्हणते, बाहेर बरे टेबल मॅनर्स आहेत तुम्हाला! बस. त्याचा चेहरा पडतो आणि तिला माफी मागावी लागते. तुमच्या यजमानांना फक्त हा प्रसंग दाखवा. आणि सिंकखालचा पाइपही. तो गळतोय, प्लंबरला फोन करा, हे ती नवऱ्याला किती वेळा सांगते. तो विसरतो. विसरणं त्याला परवडतं, कारण त्या घाण पाण्यात हात त्याचे जात नाहीत. शेवटी त्या पाण्याचं काय होतं ते बघितलेल्यांना माहीत आहे.

आकडा हवाच असेल तर केंद्र सरकारचं २०१९ चं वेळ-वापर सर्वेक्षण आहे. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. पुरुष ९७. त्यातही असं काही काम करतो म्हणणारे पुरुष शंभरातले २६ च. मी फोर्टातल्या बँकेत होते तेव्हा परतीच्या पनवेल लोकलच्या लेडीज डब्यात ही मिनिटं डोळ्यांनी दिसायची. मानखुर्द येईपर्यंत मटार सोलून, मेथी निवडून पिशव्या भरलेल्या असत.

सासूबाईंवर मात्र चिडू नका. सिनेमातली सासू एम. ए. झालेली आहे. तिला नोकरी करू दिली नाही हे सासरा अभिमानाने सांगतो, की म्हणून तर मुलं चांगली निघाली. तीच सासू परदेशातून सुनेला फोनवर हळूच सांगते, तू नोकरीसाठी अर्ज कर, मी सांगितलं म्हणू नकोस. "आम्ही नाही का केलं" म्हणणाऱ्या बाईला एकदा विचारून बघा, करायचं नव्हतं असं काय होतं? घाईत नको, दुपारी चहाला बसल्यावर विचारा.

प्रश्न : स्वयंपाकघराची गोष्ट ठीक. त्यात सबरीमाला कशाला घुसडलंय? श्रद्धेची चेष्टा करायची फॅशनच झाली आहे. (एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले)

उत्तर : काका, घुसडलेलं नाही, ते त्या घरात आधीपासूनच होतं. २८ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने १० ते ५० वयाच्या बायकांना सबरीमाला मंदिरात जाऊ द्यावं असा निकाल दिला (विरोधातलं एकमेव मत खंडपीठातल्या एकट्या स्त्री न्यायमूर्तींचं, इंदू मल्होत्रा यांचं होतं) आणि केरळ पेटला. सिनेमा त्याच दिवसांत घडतो. बापलेक यात्रेसाठी माळ घालतात, एकेचाळीस दिवसांचं व्रत. मोर्चा रस्त्यावर निघतो, पण व्रताचा भार पडतो तो घरातल्या पाळी येणाऱ्या बाईवर. तिला वेगळ्या खोलीत चटईवर झोपवतात. नवरा स्कूटरवरून पडतो, ती धावत जाऊन त्याला उठवायला बघते, तर तो तिलाच ढकलून देतो. विटाळ झाला ना!

आपल्याकडे 'कावळा शिवला' म्हणत कोपऱ्यात बसवलेल्या बायका तुम्हीही बघितल्या असतील. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शनिशिंगणापूर आणि हाजी अलीत बायकांच्या प्रवेशाबाबत आदेश दिले तेव्हा आपल्याकडेही काही कमी धुरळा उडाला नव्हता. देवाची चेष्टा या सिनेमात मला कुठे दिसली नाही.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट बरोबर आहे. नायिकेने एका कार्यकर्तीचा व्हिडिओ शेअर करणं, मग लोकांनी त्या कार्यकर्तीची स्कूटर जाळणं, हा भाग मलाही घाईने उरकल्यासारखा वाटला. त्यापेक्षा कामाला येणाऱ्या उषाची दोन वाक्यं जास्त लागली. पाळी आली तरी ती कुणाला सांगत नाही, कामाला येते. खाडा केला तर खायचं काय? वेगळं बसणं हीसुद्धा पोटाला असणाऱ्यांची चैन, हे ती हसत हसत सांगून जाते.

प्रश्न : या सिनेमांत सगळे पुरुष नालायक. मी घरी रोज डबा भरतो, मुलीच्या वेण्या घालतो. आम्हीही याच पंक्तीत का? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : वेण्या घालता याबद्दल शाबासकी नाही देणार. मुलगी तुमचीच आहे. पण प्रश्न चांगला आहे, आणि त्याला उत्तर म्हणून 'आट्टम' बघा. आनंद एकर्शी यांचा २०२३ चा मल्याळम सिनेमा, ७० व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. पटकथा आणि संकलनाचे पुरस्कारही त्यालाच.

एक नाटक मंडळी आहे. बारा पुरुष आणि एकटी अंजली (झरीन शिहाब). एका रिसॉर्टवर पार्टी होते. रात्री ती खिडकीशी झोपली असताना कुणीतरी बाहेरून हात घालतो. कोण, ते अंधारात नीट दिसत नाही. दुसऱ्या दिवसापासून ही बारा माणसं एका घरात जमून ठरवायला बसतात. सुरुवातीला सगळे संतापलेले, सगळे तिच्या बाजूचे. मग हळूच बातमी येते की मंडळीला परदेश दौरा मिळतोय.

शिवाजी मंदिरच्या कट्ट्यावर ज्यांनी थोडाही वेळ घालवलाय त्यांना पुढचं मी सांगायला नको. "दौरा" शब्द उच्चारला की माणसांच्या डोळ्यांत काय होतं ते आपण बघितलंय. इथेही तसंच. कुणाला घराचे हप्ते आहेत, कुणाला आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसायचंय. कुणाला आठवतं की तिने त्या रात्री घेतली होती, कुणाला तिचे कपडे आठवतात. कुणी म्हणतं, नीट दिसलं नव्हतं तर नाव कशाला घ्यायचं? प्रत्येकाचं कारण समजण्यासारखं आहे. एकेकाला सुटा पकडून विचारलंत तर तो भला माणूस आहे, तुमच्यासारखाच डबा भरणारा. आणि ज्याच्यावर तिचा सगळ्यात जास्त भरवसा, तोही मोजमाप करायला लागतो.

नालायक कोण हा प्रश्न सिनेमाने अंजलीवरच सोपवलाय आणि तिचं उत्तर फार वेगळं आहे. ते फोडत नाही. तुम्ही बघा आणि बैठकीत आपण कितव्या मिनिटाला गप्प बसलो असतो ते मला कळवा. कंसात सांगते : मध्यंतराच्या आसपास सिनेमा थोडा रेंगाळतो, कंटाळून बंद करू नका.

प्रश्न : 'द ग्रेट इंडियन किचन' मूळ बघावा की त्यावरून केलेला हिंदी 'मिसेस'? (अंधेरी)

उत्तर : मूळ. आरती कडव यांच्या 'मिसेस'मध्ये सान्या मल्होत्राने जीव ओतून काम केलंय, पण घर उत्तर भारतातलं झालं आणि सबरीमाला गळलं. घर फार चकचकीतही झालंय. मूळ सिनेमातला ओला, काळपट ओटा हवा. मल्याळम येत नाही ही सबब चालणार नाही. त्यात संवाद आहेतच किती?

प्रश्न : केरळ म्हणजे साक्षरतेत देशात आघाडीवर. तिथे बायकांची ही गत, तर शिक्षणाचा उपयोग काय? (एक शिक्षिका, घाटकोपर)

उत्तर : २०११ च्या जनगणनेत केरळची साक्षरता ९४ टक्के, हजार पुरुषांमागे १०८४ स्त्रिया. शिवाय नायर वगैरे काही समाजांत वंश आणि मालमत्ता आईकडून चालायची. हे सगळं खरं. पण त्या घरातही कारभार बघायचा तो 'कारणवर', म्हणजे मामा. किल्ल्या त्याच्या कमरेला.

आमच्या चेंबूरच्या सोसायटीत शेजारी एक चेची (मल्याळममध्ये ताई) आहेत, निवृत्त नर्स. विशीत मुंबईत आल्या, रात्रपाळ्या केल्या, पैसे गावी पाठवले. त्या पैशांतून त्रिशूरजवळ दुमजली घर उभं राहिलं. घर भावाच्या नावावर. चेची दर ओणमला तिथे जातात आणि गेल्या गेल्या पदर खोचून स्वयंपाकघरात शिरतात, कारण माहेरी आलेल्या बाईने बसून कसं राहायचं? हा सिनेमा आम्ही दोघींनी त्यांच्याच घरी बघितला. सासरा ब्रश मागतो तिथे त्या खो खो हसल्या. मी विचारलं, हसता काय? म्हणाल्या, "माझा भाऊ टूथपेस्टपण लावून घेतो." शिकलेल्या, कमावत्या, आणि हिशेबाला माझ्यापेक्षा पक्क्या. शिक्षणाने त्यांना मुंबईपर्यंत आणलं. घराच्या कागदावर नाव घालायचं तर कुणाशी तरी भांडावं लागलं असतं, आणि त्या भांडल्या नाहीत.

आणि हे सिनेमे जिथे बनतात तिथलं काय? मल्याळम सिनेमाची पहिली नायिका पी. के. रोझी. दलित बाई. पडद्यावर नायर स्त्री साकारली म्हणून लोकांनी तिला तिरुवनंतपुरम सोडायला लावलं. अलीकडचं म्हणाल तर २०१७ मध्ये एका अभिनेत्रीवर गाडीत अत्याचार झाला. त्यानंतर तिथल्या बायकांनी 'विमेन इन सिनेमा कलेक्टिव्ह' काढलं आणि सरकारने न्यायमूर्ती हेमा यांची समिती नेमली. समितीने डिसेंबर २०१९ मध्ये अहवाल दिला. सरकारने तो जाहीर केला ऑगस्ट २०२४ मध्ये, तोही काही पानं झाकून. म्हणजे स्वयंपाकघरावरचा हा सिनेमा गाजत होता तेव्हा तो अहवाल कपाटात पडून होता. बाहेर आल्यावर मात्र कलाकारांच्या 'अम्मा' या संघटनेच्या अख्ख्या कार्यकारिणीला राजीनामा द्यावा लागला, आणि २०२५ मध्ये श्वेता मेनन निवडून आल्या. १९९४ पासूनच्या संघटनेला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली. नाव मात्र पहिल्यापासून 'अम्मा'!

बाई, साक्षरतेचा उपयोग होतो. तिथल्या बायका लेखी तक्रार करतात, समितीपुढे साक्ष देतात. आपल्या मराठी इंडस्ट्रीसाठी अशी समिती कुणी मागितलेली मला आठवत नाही. सगळं आलबेल असेल म्हणून नसेल मागितली, असं म्हणण्याइतकी मी भोळी नाही.

प्रश्न : मराठीत असं कुणी का करत नाही? आपण 'माहेरची साडी'तच अडकलो. (गिरगाव)

उत्तर : 'माहेरची साडी'ला नावं ठेवू नका, चाळीतल्या बायका रडायला हक्काने जात, घरात रडायला जागा नव्हती. आणि केलंय की आपण. जब्बार पटेलांचा 'उंबरठा' १९८२ चा. शांता निसळ यांची कादंबरी, तेंडुलकरांची पटकथा, आणि स्मिता पाटील. सुलभा महिलाश्रमाची अधीक्षिका म्हणून घर सोडून जाते. परत येते तर नवऱ्याने दुसरी सोय केलेली. तोही आवाज न चढवताच सांगतो, बरं का.

त्याच सुमाराला केरळात के. जी. जॉर्ज यांनी 'आदामिंटे वारियेल्लु' केला. आदमची बरगडी. तीन थरांतल्या तीन बायका : श्रीमंत कंत्राटदाराची बायको, नोकरी करून घर ओढणारी मध्यमवर्गीय, आणि घरकाम करणारी अम्मिणी. पहिली जीव देते, दुसरीच्या मनाचा तोल जातो. तिसरीची रवानगी महिलागृहात होते, आणि तिथल्या सगळ्या बायका दार फोडून बाहेर धावतात. धावताना समोरचा कॅमेरा, दिग्दर्शक, सगळ्यांना ढकलून पुढे जातात. दोन्ही सिनेमे लागोपाठ बघा. सुलभा एकटी गाडीत बसते, अम्मिणी घोळक्याने पळते. मला अजून ठरवता आलेलं नाही की यातलं जास्त खरं कुठलं. स्मिता पाटीलमुळे माझं माप थोडं इकडे झुकतं, हे कबूल.

प्रश्न : मला आई-बाबांबरोबर यातलं काहीतरी बघायचंय, पण घरात भांडण नकोय. कुठून सुरुवात करू? (कॉलेजची विद्यार्थिनी, परळ)

उत्तर : 'जया जया जया जया हे' पासून. विपिन दास यांचा २०२२ चा सिनेमा, दर्शना राजेंद्रन आणि बेसिल जोसेफ. नवरा कोंबड्यांच्या धंद्यातला, रोज नाश्त्याला त्याला इडियप्पमच हवं, आणि मनाविरुद्ध झालं की थोबाडीत. आई-बाप, मामा, शेजारी सगळे जयाला सांगतात की थोडं सांभाळून घे. मग जया मोबाइलवर बघून गुपचूप मारामारी शिकते. पुढचं मी सांगत नाही, पण आमच्या हॉलमध्ये चेचींनी शिट्टी मारली होती. 'किचन' पहिल्याच दिवशी लावू नकोस, बाबा पंधराव्या मिनिटाला क्रिकेटचा स्कोर बघायला लागतील. शनिवारी रात्री लाव, रविवारी कुणाला लवकर उठायचं नसतं. सबटायटल्सचा फाँट मोठा कर, नाहीतर आई चष्मा शोधण्यात पहिली थोबाडीत चुकवेल आणि मग पुढचं सगळं तिला उगाच वाटेल.